मोडीचा भाव

पावसाळ्याच्या तोंडाशी शहरातील एखाद्या जुन्या वस्तीत पहाटे फेरफटका मारला, तर कचराकुंडीच्या बाहेर एखादी गादी पडलेली हमखास दिसते. कुंडी असतेच असे नाही. कित्येक ठिकाणी महापालिकेने ती केव्हाच उचलून नेलेली असते, परंतु लोकांची सवय जागची हललेली नसते. आदल्या संध्याकाळी गादी तिथे नव्हती. ती रात्री आली. घरातील दोघांनी, शेजाऱ्यांचे दिवे मालवल्यावर, ती जिन्यावरून खाली आणली, कोपऱ्यापर्यंत वाहिली आणि मागे वळून न पाहता दोघेही घरी परतले. याच घरातून रोज सकाळी भाजीची देठे, दुधाच्या पिशव्या आणि फाटके कागद उजळ माथ्याने बाहेर पडतात. त्या वेळी कुणाला संकोच वाटत नाही. गादीच्या वेळी मात्र अंधार लागतो.

हा संकोच कशाचा आहे, याचा विचार करण्यासारखा आहे. दंडाची भीती हे त्याचे उत्तर पुरेसे नाही, कारण जिथे दंड कधी कुणाला झालेला नाही तिथेही गादी रात्रीच बाहेर पडते. खरे कारण वस्तूच्या आकारात असावे. लहान वस्तू टाकली की ती नाहीशी झाली, असा भ्रम बाळगता येतो. देठ कुंडीत पडले की दिसेनासे होते आणि दिसेनासे झालेले उरलेले नाही, असे मन मानून घेते. गादी माणसाएवढी असते. तिच्यावर माणूस वर्षानुवर्षे झोपलेला असतो, तापाने फणफणलेला असतो. एखाद्या वृद्धाचे शेवटचे दिवसही तिच्यावरच गेलेले असतात. ती टाकली तरी दुसऱ्या दिवशी कामावर जाताना रस्त्यात भेटते, आणि पाऊस पडला की फुगून अधिकच मोठी होते. टाकण्याने वस्तू केवळ जागा बदलते, ही साधी गोष्ट लहान कचऱ्याने लपवलेली असते. मोठी वस्तू ती लपवू देत नाही.

मराठी भाषेने या बाबतीत स्वतःची एक सोय करून ठेवली आहे. ‘टाकणे’ हे क्रियापद ती कोणत्याही कृतीला जोडते: सांगून टाकले, करून टाकले, विकून टाकले, देऊन टाकले. जोडल्याबरोबर मूळ क्रियेला एक सुटकेचा सूर लागतो. कर्ता मोकळा झाला, त्याच्या बाजूने प्रकरण संपले, एवढेच त्यातून कळते. जे सांगितले, विकले किंवा दिले त्याचे पुढे काय झाले, याविषयी क्रियापद मौन पाळते. घरातील जुन्या अवजड वस्तूंच्या संदर्भात जो नैतिक प्रश्न उभा राहतो, तो नेमका या मौनाचा आहे.

जुन्या मराठी घराला हा प्रश्न इतक्या उघडपणे पडला नाही, तो त्या घरातील माणसे अधिक नीतिमान होती म्हणून नव्हे. त्यांच्या वतीने एक वेगळीच व्यवस्था हा विचार करीत होती. ‘मोड’ हा शब्द आज सराफाच्या आणि भांड्यांच्या दुकानापुरता उरला आहे; एके काळी तो साऱ्या घराला लागू होता. न्हाणीघरातील तांब्याचा बंब गळू लागला, तर प्रथम त्याला डाग दिला जाई. डाग धरेनासा झाला की बंब मोडीत जाई. काट्यावर त्याचे वजन होई, तुटीचे थोडे वजा होई आणि उरलेल्या तांब्याच्या भावाने पैसे हाती येत, अथवा पदरचे काही घालून नवा हंडा घरी येई. पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी जुन्याचा नवा घाट होताना ऐकूच येत असे. ठोक्यांचा तो आवाज रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ठाऊक होता. घाट गेला तरी धातू राहतो, हा विश्वास त्या व्यवहाराच्या मुळाशी होता. बंब कुणी रात्री कोपऱ्यावर नेऊन ठेवल्याचे ऐकिवात नाही.

लाकडाचेही तेच. पेशवाईपासूनचे वाडे पुण्यात एकामागून एक उतरवले गेले, तेव्हा त्यांच्या मातीला आणि विटांना फारसे मोल आले नाही. परंतु सागवानी तुळया, खांब, चौकटी आणि कडीपाटाच्या फळ्या यांचा हिशेब बांधकामाच्या करारात वेगळा मांडला जाई. त्या तुळयांतून पुढे दारे झाली, दारांतून टेबले झाली आणि टेबलांतून देवघरे. तमिळनाडूत कराईकुडीच्या बाजारात चेट्टियारांच्या पडलेल्या वाड्यांचे खांब आणि दारे विकणारी दुकानेच्या दुकाने आहेत. ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे आलेले ते सागवान एका घराचे आयुष्य संपवून दुसऱ्या घराच्या शोधात तिथे उभे असते. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हाच शोध अधिक गरीब आणि अधिक गोंगाटाच्या स्वरूपात चालतो. पत्र्याच्या कपाटावर मुलांनी चिकटवलेली चित्रे अजून असतात, आणि घेणारा प्रथम कुलूप लागते की नाही ते पाहतो.

गादीची कथा या सर्वांत बोधप्रद आहे, कारण कापसाला मोडीचा भाव नव्हता आणि तरीही गादी रस्त्यावर येत नव्हती. दोन-चार वर्षांत कापूस दबून त्याच्या गाठी झाल्या की पिंजाऱ्याला बोलावले जाई. कमानीच्या तातीचा तो टणत्कार गल्लीच्या टोकापासून ओळखू येत असे. अंगणात किंवा गच्चीवर खोळ उसवली जाई, कापूस पिंजून पुन्हा मऊ केला जाई, त्यात थोडा नवा मिसळला जाई, आणि धुतलेल्या किंवा नव्या खोळीत भरून संध्याकाळपर्यंत गादी परत घरात. निकामी झालेला कापूस आधी उशांत, मग मुलांच्या दुपट्यात आणि अखेर कुठल्या तरी मांजराच्या बाळंतपणाला उपयोगी पडे. ही गादी कधी संपत नसे. आजीच्या गादीत पणजीच्या गादीचा कापूस असे आणि कोणता कुठला हे सांगणे कुणालाच शक्य नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्यापूर्वी तिचा हिशेब मात्र पुरा मांडला पाहिजे. वस्तूच्या अखेरीची चिंता घराला नव्हती, कारण ती चिंता जन्माने काही माणसांवर सोपवलेली होती. गावातील सर्वांत अवजड आणि सर्वांत नकोशी ‘वस्तू’ म्हणजे मेलेले जनावर. ते ओढून नेण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न गावाने कधी विचारलाच नाही. उत्तर जातीने आधीच देऊन ठेवले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि हीन ठरवलेली कामे सोडण्याची जी हाक दिली, तिच्यामुळे अनेक गावांना पहिल्यांदाच कळले की आपल्या गोठ्यातील मृत जनावर हे आपले आहे. त्या हाकेवर गावोगाव जो संताप उसळला, तो काम अडल्याचा तर होताच. पण जे मौनात होते ते कुणी तरी उच्चारले, याचाही होता. जुन्या घराची काटकसर थोर होती, हे खरे. तिची स्वच्छता दुसऱ्याच्या पाठीवर उभी होती, हेही तितकेच खरे.

गेल्या तीन-चार दशकांत मोडीच्या त्या व्यवस्थेचा पाया हलला. कापसाच्या जागी फोम आला, सागवानाच्या जागी प्लायवूड आणि त्याहूनही स्वस्त अशा लाकडाच्या भुशाच्या पाट्या आल्या. फोम पिंजता येत नाही. कारखान्यातील स्वच्छ कातरण दाबून पुन्हा वापरता येते. परंतु दहा वर्षांचा घाम, धूळ आणि ढेकूण पोटात घेतलेल्या गादीला कोणी हात लावत नाही. जाळली तर तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू असतो. भुशाच्या पाटीचे कपाट एकदा पाण्यात भिजले की फुगते, आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच छिद्रात पुन्हा बसत नाही. सुताराला ते दुरुस्त करता येत नाही, आणि त्यातील चिकटद्रव्यांमुळे ते चुलीत घालण्याच्याही लायकीचे नसते. भंगारवाला हातगाडी घेऊन येतो, कपाटाच्या मुठी आणि बिजागऱ्या निरखतो, आणि मान हलवून पुढे जातो. फार आग्रह केला तर म्हणतो, नेतो, पण गाडीभाड्याचे पैसे तुम्ही द्या.

त्याच्या या एका वाक्यात फार मोठा बदल सामावला आहे. वस्तूची अखेरची किंमत पूर्वी कितीही थोडी असली, तरी शून्याच्या वर होती. म्हणून ती नेणारा कोणी ना कोणी आपण होऊन दारात येत असे. आता ती शून्याच्या खाली उतरली आहे. वस्तू न्यायची तर नेणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, आणि द्यायचे नसतील तर तिचा भार दुसऱ्या कुणावर तरी ढकलावा लागतो. किंमत शून्याच्या वर असते तोवर बाजार माणसाचे कर्तव्य त्याच्या नकळत पार पाडीत असतो. ती शून्याखाली गेली की बाजार दारातून निघून जातो, आणि गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वस्तूसमोर एकटा उभा राहतो. त्याने जे निरुपयोगी केले, ते कोणी वाहायचे?

जुना फ्रीज हा या दोन्ही जगांच्या सीमेवरचा प्राणी आहे. त्याच्या पोटात तांबे आणि लोखंड आहे, म्हणून भंगारवाला तो हसत नेतो. पण कॉम्प्रेसर कापताना त्यातील वायू मोकळा सुटतो. जुन्या फ्रीजमध्ये ओझोनच्या थराला घातक असणारे वायू होते. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर नव्या फ्रीजमधून ते क्रमाने हद्दपार झाले, परंतु जे आधीच घरोघरी बसले होते ते हातोड्याखाली यायचे राहिलेच होते. तांब्याचा भाव एकाच्या खिशात जातो आणि वायूचा तोटा सर्वांच्या डोक्यावर पसरतो. भाव मिळाला म्हणून व्यवहार स्वच्छ झाला, असे समजणाऱ्याने हा हिशेबही पाहावा.

बाजार निघून गेल्यावर गृहस्थाच्या मदतीला एक अत्यंत प्रतिष्ठित कल्पना येते. ती म्हणजे दान.

मध्यमवर्गीय घरात नवा सोफा ठरला की जुन्या सोफ्याचा प्रश्न पहिल्यांदा धुणेभांडी करणाऱ्या बाईंसमोर मांडला जातो. “मावशी, सोफा हवा का हो तुम्हाला? चांगला आहे अजून.” विचारणारीच्या आवाजात खरे ममत्व असते, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मावशींची खोली दहा फूट बाय बारा फूट. त्यात पाच माणसे झोपतात. सोफा ठेवला तर दोघांना बाहेर झोपावे लागेल. शिवाय त्याची एक बाजू दबलेली आहे, आतली पट्टी तुटली आहे, आणि तो वस्तीपर्यंत नेण्याचे टेम्पोभाडे कोण देणार, याचा उल्लेख झालेला नाही. मावशी क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “विचारते घरात.” हा नकार असतो, पण नकारासारखा बोलता येत नाही, कारण महिन्याचा पगार याच घरातून यायचा असतो. दोन दिवसांनी पुन्हा विचारणा होते. अखेर मुलगा मित्राची गाडी घेऊन येतो, सोफा जातो आणि घर मोकळे होते. काही दिवसांनी तो वस्तीच्या टोकाशी, नाल्याच्या कडेला उघड्यावर दिसू लागतो. ज्या घरातून तो आला, तिथे ‘आम्ही देऊन टाकला’ एवढेच आठवणीत राहते.

कठोपनिषदाचा आरंभ अशाच एका दानाने होतो, ही गोष्ट या संदर्भात सहसा कोणी लक्षात घेत नाही. वाजश्रवसाने सर्वस्व अर्पण करण्याचा यज्ञ मांडला आहे. दक्षिणेसाठी गाई नेल्या जात आहेत. त्या गाईंचे पाणी पिऊन झाले आहे, गवत खाऊन झाले आहे, दूध देऊन झाले आहे. आता त्यांच्यात काही उरलेले नाही. हे पाहून लहानग्या नचिकेताच्या मनात श्रद्धा जागी होते. असल्या गाई देणारा कोणत्या आनंदहीन लोकांत जाईल, हे त्याला दिसते. नचिकेत आणि यम यांचा पुढचा संवाद तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो; परंतु त्या साऱ्या संवादाचे दार उघडले ते निकामी वस्तू दान म्हणून खपवण्याच्या प्रसंगाने. ब्रह्मविद्येची वाट एका भाकड गाईच्या शेजारून जाते. मुलगा तीनदा विचारतो, मला कुणाला देणार? आणि बाप रागाने म्हणतो, मृत्यूला. त्या रागात तो मुलालाही देऊन टाकतो, हे विलक्षण आहे. देण्याच्या क्रियेतून घेणाऱ्याचा विचार वजा झाला, की काय दिले जात आहे याचेही भान सुटते.

वाजश्रवसाच्या गाईंत दोष कोणता होता? त्या जुन्या होत्या, हा नव्हे. गाय म्हातारी झाली तरी तिला गोठ्यात जागा देणे आणि चारा घालणे हे कर्तव्य गृहस्थाचेच होते. त्याने ते कर्तव्य दानाच्या नावाने दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधले, आणि वर पुण्याची नोंद स्वतःच्या नावे केली. घेणाऱ्याला दूध मिळाले नाही, चाऱ्याचा खर्च मिळाला. मावशींच्या सोफ्याची गोष्ट हीच आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विचार आवश्यक मानला आहे. अवजड वस्तूंच्या बाबतीत या तीन शब्दांचा अर्थ कमालीचा व्यावहारिक होतो. देश म्हणजे घेणाऱ्याच्या घरात जागा आहे का. काल म्हणजे वस्तूत अजून आयुष्य आहे का. आणि पात्र म्हणजे, भिक्षापात्रापेक्षा अधिक खऱ्या अर्थाने, ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे असा माणूस. जिथे नकार देता येत नाही तिथे दिलेली वस्तू ही भेट राहत नाही. कामाच्या अटींत ती गुपचूप मिसळते.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. गरजू माणसाला जुन्या वस्तूंची गरज असतेच; नवे कपाट घेण्याची ऐपत नसलेल्या घरात जुने कपाट आले तर ते घर सुखावते. जुने देऊ नये अशी सोवळी भूमिका घेतली, तर नुकसान घेणाऱ्याचेच होईल. हे मान्य केले पाहिजे. बोहारणीची टोपली आणि जुना बाजार यांवर लक्षावधी संसार उभे राहिले आहेत, आणि त्यात कमीपणा कोणताच नाही. किंबहुना जुन्या बाजारातील गिऱ्हाईक मावशींपेक्षा अधिक स्वतंत्र असते. ते कपाटाचे दार उघडून पाहते, नावे ठेवते, भाव पाडते आणि पटले नाही तर निघून जाते. विकत घेण्यात जो मान आहे, तो कित्येकदा फुकट मिळण्यात नसतो. तेव्हा प्रश्न जुन्याचा नाही. वस्तू चालती असताना, दुरुस्त करून आणि गाडीभाडे देऊन कोणी ती दिली, तर त्या देण्याला दान म्हणण्यास हरकत नसावी. पण असे सहसा होत नाही, कारण वस्तू चालती असते तोवर ती सोडवत नाही.

ती मग माळ्यावर जाते. मराठी घराचा माळा हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. तिथे पाय मोडलेली आरामखुर्ची असते, मुलाचा पाळणा असतो (मुलगा आता परदेशी), जुना दूरचित्रवाणी संच असतो, आणि ‘लागेल कधी तरी’ या तीन शब्दांखाली सारे धूळ खात पडलेले असते. माळ्याला काटकसर समजण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो निर्णयाचा पुढे ढकललेला दिवस आहे. पाळणा ज्या वर्षी रिकामा झाला, त्या वर्षी शेजारच्या गल्लीत त्याची गरज होती. वीस वर्षांनी त्याच्या पट्ट्या कुजल्यावर तो उतरवला जातो, तेव्हा त्याची गरज कुणालाच नसते. वस्तू वापरायची नाही आणि द्यायचीही नाही, यात तिचे आयुष्य वाया जाते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मग दिवाळीच्या आवराआवरीत एके दिवशी माळा रिकामा होतो, आणि गृहस्थाला अपरिग्रहाचा साक्षात्कार होतो. घर कसे हलके वाटते, असे तो पाहुण्यांना सांगतो. योगसूत्रांनी अपरिग्रहाला यमांमध्ये स्थान दिले आहे हे खरे. पण परिग्रह म्हणजे घेणे, सभोवती गोळा करणे. त्याचा निग्रह उंबरठ्यावर, वस्तू घरात येताना करायचा असतो. जो दर पाच वर्षांनी घर रिकामे करतो आणि पुन्हा भरतो, त्याला अपरिग्रही म्हणावे तर नदीच्या पाटालाही तसेच म्हणावे लागेल.

तमिळनाडूत पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, जुने सामान जाळून नव्या वर्षाला जागा करण्याची प्रथा आहे. चटया, टोपल्या, केरसुण्या जळत होत्या तोवर त्या अग्नीत काही वावगे नव्हते. राख शेतात जात असे. पुढे त्यात टायर, प्लास्टिक आणि फोम आले. जानेवारी २०१८ मध्ये भोगीच्या धुराने चेन्नईच्या विमानतळावरील ये-जा खोळंबली. विधी तोच राहिला, वस्तू बदलल्या, आणि शुद्धीचा अग्नी शेजाऱ्याच्या फुप्फुसांत शिरू लागला. वस्तूंच्या नव्या जातीला जुन्या विधींनी निरोप देता येत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल.

रात्री कोपऱ्यावर आलेल्या गादीची खरी गाठ सकाळी पडते ती कचरावेचक बाईशी. ती चाकूने खोळ फाडते. आत स्प्रिंगा असल्या तर त्यांचे पोलाद विकले जाते. फोम तिथेच सोडून द्यावा लागतो, कारण तो हलका असला तरी जागा फार घेतो आणि भाव काहीच देत नाही. या बायका आजही बहुसंख्येने दलित समाजातील आहेत. गावाने मृत जनावराच्या बाबतीत जे केले, तेच शहर त्यांच्या बाबतीत करीत आले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला आग्रह पैशांचा नव्हता. आम्ही चोर नाही, कामगार आहोत, आम्हाला ओळखपत्र द्या, असे त्या म्हणत होत्या. पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. तेव्हापासून घराने दरमहा त्या सेवेचे शुल्क द्यायचे ठरले. रक्कम थोडी होती, आणि तरीही तिच्यावरून सोसायट्यांच्या बैठकांत जे वाद झाले ते ऐकण्यासारखे होते. कचरा आम्ही त्यांना देतो, त्यावर त्या कमावतात, मग वर पैसे कशाला, असा युक्तिवाद सुशिक्षित माणसे करीत. मोडीच्या दिवसांतील ती सवय होती: जे जाते त्याचे पैसे मिळतात. जे जाते त्याचे पैसे द्यावे लागतात, हे स्वीकारणे त्यांना जड गेले.

नाल्याच्या कडेला गेलेला सोफाही तिथे थांबत नाही. मुंबईत दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते, आणि गाळाबरोबर गाद्या, उशा, थर्मोकोल, मोडके फर्निचर वर येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. त्या पुराची कारणे अनेक होती: भरती, मिठी नदीच्या पात्रातील भराव आणि बांधकामे, कुण्या एका गादीला त्याचा दोष देता येणार नाही. परंतु तुंबलेल्या नाल्याचे पाणी प्रथम कोणाच्या खोलीत शिरते, हे मात्र निश्चित सांगता येते. जिच्या वस्तीवरून सोफा गेला, तिच्याच.

काही देशांनी या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले आहे. जपानमध्ये १९९८ साली संमत झालेला आणि २००१ पासून अमलात आलेला कायदा दूरचित्रवाणी संच, फ्रीज, धुलाईयंत्र आणि वातानुकूलन यंत्र टाकणाऱ्याकडून पुनर्वापराचे शुल्क घेतो. फ्रान्समध्ये २०१३ पासून नवे फर्निचर घेतानाच त्याच्या अखेरीची वर्गणी किमतीत मोजली जाऊ लागली. दोन्हींचा हेतू एक, परंतु नैतिक स्वभाव भिन्न आहे. टाकताना पैसे मागितले की माणसाला पुन्हा अंधार आठवतो. निर्जन रस्त्यावर फ्रीज नेऊन सोडण्याचा मोह त्या कायद्याच्या पोटातच दडलेला असतो. घेताना मागितले, तर वस्तू घरात येते ती स्वतःच्या अखेरीच्या खर्चासह. आणि रात्री जिना उतरण्याचे कारण उरत नाही. भारतात विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०११ च्या नियमांनी, २०१२ पासून, उत्पादकावर जबाबदारी टाकली. गादी, सोफा आणि भुशाचे कपाट त्या नियमांच्या बाहेर आहेत, म्हणजेच ज्या वस्तूंचा भाव शून्याखाली आहे नेमक्या त्याच. अर्थात नियम आला म्हणून संकोच संपेल, असे नाही. तो संपावा असेही नाही. रात्री गादी उतरवणाऱ्या त्या दोघांच्या मनात जे टोचत होते, ते त्यांच्याजवळचे सर्वांत चांगले काही होते. फक्त त्याला दिवसाउजेडी करण्यासारखे काम मिळालेले नव्हते.

अलीकडे गाद्यांच्या दुकानात जुनी गादी परत घेण्याची सोय अनेकदा मिळते. नवी गादी पसंत पडली, भाव ठरला, घरपोच कधी मिळेल ते कळले, की गिऱ्हाईक शेवटचा प्रश्न विचारते: जुनी घेऊन जाणार ना? दुकानदार हो म्हणतो, आणि सौदा पक्का होतो. ठरल्या दिवशी टेम्पो येतो. दोन मुले नवी गादी वर चढवतात, जुनी खाली आणतात, तिला दोरी बांधतात. गृहस्थ दोघांना चहा देतो, वर थोडे पैसेही देतो. टेम्पो वळणावर दिसेनासा होतो. ती गादी आता कुठे जाईल, हे त्याने मुलांना विचारलेले नसते. विचारले असते, तरी त्यांना ते सांगता आले असते असे नाही. त्यांना मालकाने एवढेच सांगितलेले असते की संध्याकाळपर्यंत गाडी रिकामी करून आणा.